स्की लॉजवर लग्न करायचंय? आधी रस्ता, मग फुलं

बर्फातल्या लग्नाचे फोटो बघून भुरळ पडलेले बहुतेक जण तयारीला लागतात ते कपड्यांपासून. मग फुलं, मग सजावट, मग जागा, आणि सगळं ठरल्यावर कुणीतरी विचारतं, ‘पण माणसं वर पोचणार कशी?’ डोंगरात हा क्रम नेमका उलटा धरावा लागतो. रस्ता, उजेड आणि थंडी या तिघांपुढे कुणाचं काही चालत नाही. बाकी सगळं त्यांच्या सोयीने बसवायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लॉजच्या चार भिंतींच्या आत, कुणीही बाहेर पाऊल न टाकता पार पडेल असं लग्न आधी आखा. ते तुम्हाला मनापासून आवडत असेल तरच ती जागा घ्या. बाहेर बर्फात विधी झाला तर तो वरचा नफा. ‘हवा बिघडली तर आत सरकू’ एवढ्यावर भागत नाही, कारण आयत्या वेळी केलेली सोय आयत्या वेळचीच दिसते: जेवणाची टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या अपुऱ्या, आणि मागे काउंटरवर कपबशा खणखणताहेत.

तारीख आणि उंची

उत्तर गोलार्धात स्कीचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो. न्यूझीलंड, चिली, अर्जेंटिनात तो जूनअखेरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत. हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांवर विसंबू नका. उतारांवर यंत्राने केलेला बर्फ असतो, पण लॉजच्या अंगणात वाळकं गवत आणि चिखल असू शकतो. नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या म्हणजे गर्दीचा कळस. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव चढे, आणि रस्ते तुंबलेले. माझं मत विचाराल तर जानेवारीचा मधला काळ सगळ्यात बरा. बर्फ नीट बसलेला असतो, गर्दी ओसरलेली असते. मोबदल्यात कडाक्याची थंडी आणि छोटा दिवस पत्करायचा. मार्चअखेर ऊन छान असतं, पण दुपारनंतर बर्फाचा रबरबीत लगदा होतो आणि रात्री तोच गोठून जिवघेणा निसरडा होतो.

वारही बघा. आल्प्समधली बरीच हॉटेलं आणि शॅले (भाड्याने मिळणारी डोंगरी लाकडी घरं) हंगामात शनिवार ते शनिवार अशा आठवड्यानेच खोल्या देतात. तिथे शनिवारी लग्न ठेवलं तर त्याच दिवशी अर्धं गाव सामान घेऊन चढत असतं आणि अर्धं उतरत असतं. आठवड्याच्या मधला वार पाहुण्यांना रजेच्या दृष्टीने गैरसोयीचा, पण रस्त्याच्या दृष्टीने सोन्यासारखा.

उंचीकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. सगळी स्की-गावं सारखी नसतात. फ्रान्समधलं शामोनी साधारण १०३५ मीटरवर आहे, गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, आणि अमेरिकेत कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज २९०० मीटरच्याही वर. २५०० मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता वाढते. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि हे सहसा पोचल्यानंतर काही तासांनी, म्हणजे पहिल्या रात्रीच सुरू होतं. सकाळी पोचून संध्याकाळी लग्न हा बेत म्हणूनच अशा ठिकाणी वाईट. पाहुण्यांना निदान दोन रात्री आधी बोलवा, आणि पहिल्या रात्री मद्याचा हात आखडता ठेवा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे निमंत्रणासोबतच स्पष्ट लिहा. आजीआजोबा यायलाच हवेत असं असेल तर मुक्काम खालच्या गावात आणि समारंभापुरतं वर जाणं, हा मधला मार्ग चांगला.

उजेडाचं गणित

४६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आल्प्सच्या मधल्या पट्ट्यात, डिसेंबरअखेर दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. मार्चअखेर तो साडेबारा तासांच्या पुढे जातो. पण पंचांगातला सूर्यास्त आणि तुमच्या लॉजचा सूर्यास्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरीत वसलेल्या गावात सूर्य समोरच्या कड्यामागे तास-दोन तास आधीच जातो, आणि तो गेला की थंडी झपकन उतरते.

लॉजच्या माणसाला ‘सूर्यास्त कधी?’ असं विचारू नका. ‘तुमच्या अंगणातलं ऊन या तारखेला किती वाजता जातं?’ असं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातला दुपारचा फोटो मागवा, किंवा सूर्याचा मार्ग दाखवणारं एखादं ॲप वापरा. त्या वेळेच्या पावणेदोन तास आधी विधी सुरू झाला पाहिजे. मग मागे मोजत जा: नवरीची तयारी, केस, मेकअप, पाहुण्यांची ने-आण.

ऊन गेल्यावर सगळं संपतं असं मात्र नाही. खऱ्या सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं बर्फावर गडद निळा उजेड असतो आणि खिडक्यांतून पिवळा प्रकाश येत असतो. नवरा-नवरीचे सगळ्यात चांगले फोटो मिळतात ते तेव्हा. त्यासाठी जेवणाच्या आधी पंधरा मिनिटं मोकळी ठेवा.

लॉज बघायला गेल्यावर

शक्यतो हिवाळ्यातच जा. उन्हाळ्यात हिरवळीवर उभं राहून बर्फाचा अंदाज येत नाही, आणि पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतर उन्हाळ्यात नेहमी कमीच वाटतं.

पहिला प्रश्न: इथे गाडी दारापर्यंत येते का, की फक्त लिफ्टने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, पोचता येतं? फक्त लिफ्टनेच पोचता येणाऱ्या जागा सगळ्यात सुंदर असतात आणि सगळ्यात बेभरवशाच्याही. वारा वाढला की चेअरलिफ्ट आणि गोंडोला बंद ठेवतात; हवा स्वच्छ, आकाश निळंभोर, तरीही. शिवाय लिफ्टची शेवटची फेरी बऱ्याच ठिकाणी चार-साडेचारच्या सुमारास असते. रात्री उतरायचं कसं हे आधी लेखी ठरवा: लिफ्ट खास तुमच्यासाठी चालू ठेवणार, की बर्फावर पट्ट्यांनी चालणाऱ्या स्नोकॅटमधून उतरवणार? एका फेरीत किती माणसं बसतात हे विचारून भागाकार करा. ऐंशी पाहुणे आणि बारा जणांची स्नोकॅट म्हणजे सात फेऱ्या. सातव्या फेरीतल्या माणसांना तोवर बसायला जागा आणि ऊब लागणार.

पायी किंवा घसरगाडीवर उतरायचा उत्साह कुणाला येऊ देऊ नका. रात्री उतार सपाट करणारी यंत्रं काम करत असतात, आणि तीव्र उतारावर ती वर खुंटीला बांधलेल्या लांबलचक पोलादी दोराच्या आधाराने चालतात. तो दोर अंधारात दिसत नाही. कधी बर्फाखाली दबलेला असतो, आणि क्षणात ताणून वर उसळतो. यात माणसं मेलेली आहेत. रात्री उतार बंद असतो तो याचसाठी, आणि पार्टीनंतर रंगात आलेल्या पाहुण्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मग बाकीचे प्रश्न. लॉज पूर्ण तुमचं, की स्की बूट आपटत दिवसभराची गिऱ्हाइकंही आत येणार? संगीत किती वाजेपर्यंत? वीज गेली तर जनरेटर फक्त दिवे चालवतो, की स्वयंपाकघर आणि हीटिंगही? व्हीलचेअर कुठल्या दाराने आत येते, आणि त्या दारासमोरचा बर्फ कोण उपसतं?

छपराकडेही बघा. उतरत्या छपरावर साठलेला बर्फ ऊन लागलं की एकदम घसरून खाली येतो, आणि त्याचं वजन माणूस गाडण्याइतकं असू शकतं. फोटोत शोभणारी पागोळीखालची जागा विधीसाठी किंवा फोटोसाठी कधीही निवडू नका.

करार

यात तीनच कलमं मला खरी महत्त्वाची वाटतात. एक, रस्ता प्रशासनाने बंद केला आणि पाहुणे पोचू शकले नाहीत तर काय: पैसे परत, की तारीख बदलून, की काहीच नाही? ‘नैसर्गिक आपत्ती’ असा मोघम शब्द असेल तर त्यात जोरदार हिमवर्षाव आणि बंद रस्ता येतो की नाही हे लिहून घ्या. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडणं ही आपत्ती नाही, असं समोरचा म्हणू शकतो, आणि ते अगदीच चुकीचं नाही. दोन, उलट बाजू: लग्न झालं आणि सगळे वरच अडकले, तर एक जादा रात्र खोल्या कुठल्या दराने? तीन, बाहेर की आत हा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता? माझा आग्रह असा की तो निर्णय नवरा-नवरीने घेऊ नये. आशा माणसाला उशीर करायला लावते. सकाळी नऊला लॉजचा व्यवस्थापक आणि तुमचा एक थंड डोक्याचा नातेवाईक मिळून ठरवतील, आणि नंतर चर्चा नाही.

लग्नाचा विमा मिळत असेल तर घ्या, पण हवामानाबद्दलचं कलम आधी वाचा.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये कायदेशीर लग्न नगरपालिकेतच लागतं. स्वित्झर्लंडमध्येही सरकारी नोंदणी आधी आणि धार्मिक विधी नंतर. कोलोरॅडोत मात्र परवाना असेल तर जोडप्याला स्वतःचं लग्न स्वतःच लावता येतं, फक्त तो परवाना ३५ दिवसांत वापरावा लागतो. बरीच जोडपी घराजवळ नोंदणी उरकून डोंगरावर नुसता समारंभ करतात. कागदपत्रांची निम्मी डोकेदुखी त्यात वाचते.

प्रवास

पाहुण्यांनी लग्नाच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी पोचावं. मोठ्या हिमवर्षावानंतर डोंगराच्या रस्त्यांवर हिमस्खलनाचा धोका कमी करायला सकाळी सुरुंग लावून बर्फ पाडतात, आणि तोवर रस्ता बंद असतो. कधी दोन तास, कधी दिवसभर. एक मोकळा दिवस हाताशी असला की ही नुसती गैरसोय ठरते. नसला तर लग्नच हुकतं.

फोटोग्राफर, केक, फुलं, वादक, मेकअप करणारी, सगळ्यांना हाच नियम. त्यांच्या मुक्कामाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा. इथे कंजूषपणा केला तर दुपारी बारा वाजता केक घाटात अडकलेला असतो.

पाहुण्यांना स्वतः गाडी चालवू देण्यापेक्षा बस ठरवा. चालक त्या रस्त्यावर रोज जाणारा हवा, टायर हिवाळी आणि त्यांच्यावर चढवायच्या साखळ्या गाडीत हव्यात. काही गावांत गाडी जातच नाही. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला तर खाली टेश गावात गाडी ठेवून पुढे ट्रेनने जावं लागतं. लग्नाचे कपडे, अंगठ्या आणि औषधं कुणीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायची नाहीत.

बाहेरचा विधी

वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. म्हणून जागा निवडताना देखाव्याच्या आधी वारा बघा. लॉजची मागची भिंत किंवा झाडांची ओळ आडोशाला असेल तर निम्मं काम झालं.

पायाखाली थेट बर्फ नको. थंडी तळपायांतून चढते आणि टाचा रुततात. बर्फ दाबून, त्यावर प्लायवूड आणि वर जाड सतरंजी टाका. वाटेवर वाळू किंवा बारीक खडी पसरा. खुर्च्यांवर घोंगड्या ठेवा, पण त्या शेवटच्या क्षणी आतून आणा. तासभर बाहेर राहिलेली घोंगडी अंगावर घेतली की हुडहुडी वाढतेच.

अंगठ्या घालतानाचा क्षण नीट आखून ठेवा. थंडीत बोटं आकसतात, त्यामुळे घरी घट्ट बसणारी अंगठी इथे सैल होते. बोटं बधिर असतात, हातमोजा नुकताच काढलेला असतो, आणि मऊ बर्फात पडलेली अंगठी छोटंसं भोक पाडून खाली जाते. वरून काहीच दिसत नाही. विधीच्या आधी दोघांच्याही खिशात गरम होणाऱ्या पुड्या ठेवा, अंगठ्या एखाद्याच्या आतल्या खिशात उबेत ठेवा, आणि दोघं सतरंजीच्या मध्यभागी उभे राहा, कडेला नाही.

मायक्रोफोनला वाऱ्यासाठी फोमचं टोपण हवं आणि जादा सेल हवेत. लाकडी वाद्यं बाहेर आणू नका. व्हायोलिन आणि गिटार गारठ्यात बेसूर होतातच, कोरड्या थंडीत तडकूही शकतात. आतून खिडकी उघडून वाजवलेलं संगीत बरं लागतं.

मंडप टाकायचा विचार असेल तर हिशोब करा. ताज्या, हलक्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरलं, तर ३० सेंटिमीटर बर्फ म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ३० किलो. १० बाय १० मीटरच्या मंडपावर तो होतो ३ टन, आणि ओला बर्फ याच्या कितीतरी पट जड. उन्हाळी लग्नाचा तंबू हे पेलत नाही. बर्फाचा भार सोसणारा मंडप आहे असं मंडपवाल्याकडून लेखी घ्या, आणि रात्री बर्फ झाडणारी माणसं कोण हेही विचारा. आत गॅसचे हीटर लावणार असाल तर हवा खेळती ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडर प्रोपेनचे हवेत. ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही आणि हीटर विझून जातो.

कपडे

नवरीच्या पोशाखाखाली मेरिनो लोकरीचे किंवा रेशमी थर्मल घाला. गळा आणि पाठ कुठपर्यंत उघडी आहे त्याप्रमाणे ते आधीच शिवून घ्या. आदल्या रात्री कात्री चालवायची वेळ येऊ नये. शालीपेक्षा बाह्यांचा छोटा कोट जास्त उपयोगी, हात मोकळे राहतात. बर्फाच्या पार्श्वभूमीवर हस्तिदंती रंग पिवळट दिसतो आणि पांढराशुभ्र बर्फात मिसळतो, तेव्हा कापड खिडकीशी नेऊन नाही, खरंच बर्फाशेजारी धरून बघा. बाहेर उबदार जाड तळव्याचे बूट, आत आल्यावर नाजूक चपला. लांब पोशाखाखाली बूट कुणाला दिसत नाहीत. धातूचे जड दागिने गारठतात आणि कानाला झोंबतात.

उन्हाचाही विसर पडू देऊ नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, शिवाय उंचीबरोबर त्यांचा मारा वाढतो. सगळ्यांना सनस्क्रीन आणि गॉगल लागतील. आदल्या दिवशी स्की करून आलेल्या नवरदेवाच्या चेहऱ्यावर गॉगलच्या आकाराचा पांढरा पट्टा उमटतो आणि तो कुठल्याच मेकअपने जात नाही. तसंही दोघांनी लग्नाच्या आधी स्की करूच नये. मोडलेला पाय घेऊन कुणालाच लग्नाला उभं राहायचं नसतं.

फोटो, फुलं, जेवण

फोटोग्राफर निवडताना त्याने बर्फात काम केलंय का ते विचारा, आणि नुसते निवडक नाही, एका लग्नाचे सगळे फोटो बघा. बर्फ कॅमेऱ्याला फसवतो. उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडलं तर बर्फ करडा येतो, म्हणून फोटोतला उजेड एक ते दोन स्टॉपने, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवावा लागतो. जाणकाराच्या बॅटऱ्या आतल्या खिशात असतात, आणि आत येण्याआधी तो कॅमेरा पिशवीत बंद करतो, नाहीतर उबेत आल्याबरोबर भिंगावर वाफ धरते आणि आतले पहिले क्षण हातचे जातात. ड्रोनसाठी स्की क्षेत्राची परवानगी लागते. ती गृहीत धरू नका.

ताजी फुलं गोठली की काळी पडून माना टाकतात. पाइनच्या फांद्या, देवदाराची फळं, सुकी फुलं टिकतात. हातातला गुच्छ खऱ्या फुलांचा हवाच असेल तर तो विधीच्या पाच मिनिटं आधी बाहेर आणा.

स्वयंपाकाबद्दल एकच: २००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागतो. उंचीवर रोज रांधणारा आचारी घ्या, आणि गरम पेय विधी संपल्याक्षणी हातात मिळेल याची व्यवस्था करा.

पाहुण्यांना काय कळवायचं

तारीख निदान नऊ-दहा महिने आधी कळवा. सविस्तर पत्रक दोन महिने आधी पाठवा. त्यात भारदस्त भाषा नको, नेमकं लिहा: बाहेर किती वेळ उभं राहावं लागेल, बूट कसे हवेत, खोली ते हॉल किती पावलं, बस कुठून किती वाजता. ज्यांना स्की शिकायचं आहे त्यांनी शिक्षक आणि सामान आधी आरक्षित करावं. पण निम्म्याहून जास्त पाहुणे स्की करणार नाहीत असंच धरून चाला. त्यांच्यासाठी दिवसभर उबदार खोली, पत्ते, खिडकीशी खुर्च्या, आणि मुलांसाठी घसरगाडीला एक सुरक्षित टेकाड एवढं केलं तरी पुरे.

लग्नाचा दिवस

समजा, अंगणातलं ऊन ३.१५ ला जातं आणि सूर्यास्त ४.४० ला आहे. नऊला बाहेर की आत याचा निर्णय. साडेबारापर्यंत सगळ्यांचं हलकं जेवण आणि कोट-बूट तयार. १.२० ला पाहुणे बाहेर, १.३० ला विधी सुरू, १.५० ला संपला. लगेच तिथेच सामूहिक फोटो, कारण एकदा आत जाऊन कोट काढलेली माणसं पुन्हा बाहेर निघत नाहीत. २.१० ला पाहुणे आत, गरम पेय. नवरा-नवरी उन्हात पंचवीस-तीस मिनिटं फोटोंसाठी, मग तेही आत शेकोटीशी. ४.४५ ला दोघं आणि फोटोग्राफर निळ्या उजेडासाठी पुन्हा बाहेर. साडेपाचला जेवण. बाहेर अंधार लवकर पडतो, त्यामुळे सहा वाजताच रात्र झाल्यासारखी वाटते आणि लोक दहालाच पेंगतात. नाच जेवणानंतर लगेच सुरू करा.

दुसऱ्या दिवशीची बस पहाटे ठेवू नका, रात्रीत पडलेला बर्फ तोवर उपसलेला नसतो. ज्यांचं विमान सगळ्यात लवकर त्यांना आदल्या रात्रीच खालच्या गावात मुक्काम द्या. आणि नवरीचा पोशाख हीटरवर वाळत घालू नका. खोलीच्या तापमानाला टांगून पूर्ण सुकू द्या, मग घेराला चिकटलेली वाळू आणि मीठ मऊ ब्रशने झटका, आणि पंधरवड्याच्या आत ड्रायक्लीनरकडे द्या. मिठाचे डाग जितके जुने होतात तितके निघायला चिवट होतात.